खापरातलं पाणी : प्रकल्प नोंदी, फेब्रुवारी ते एप्रिल २०२५

१० फेब्रुवारी, सोमवार

नवी वही. सर म्हणाले, "रोज लिही. बरोबर आलेलं एखाद वेळी राहिलं तर चालेल, चुकलेलं मात्र लिहायचंच."

काम असं : छिद्रं असलेल्या पदार्थात पाणी भरायचं आणि त्या पाण्याचे रेणू ठरावीक वेळात किती लांब जातात ते चुंबकीय अनुनादाने मोजायचं. नमुने तीन. काचेचे बारीक मणी, पाण्याच्या फिल्टरची पांढरी कँडल आणि माठाचं खापर. चौथा आपला काळा दगड. तो माझा हट्ट, सरांनी "कर, कर" म्हणून सोडून दिलं. त्या "कर, कर"चा सूर मला ओळखीचा आहे.

यंत्र म्हणजे एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) असतात तसल्या द्रव हेलियमच्या उंच टाक्या नव्हेत. आमचं टेबलावर बसतं, मायक्रोवेव्हपेक्षा जरासं मोठं. आत निओडिमियमचं कायम चुंबक, क्षेत्र साधारण ०.४७ टेस्ला, म्हणजे हायड्रोजनच्या केंद्रकासाठी २० मेगाहर्ट्‌झ. चुंबक ३५ अंशांवर राखलेलं. ग्रेडियंट (म्हणजे जागेप्रमाणे क्षेत्रात मुद्दाम केलेला चढउतार) एकाच दिशेचा, उभा, कागदावर जास्तीत जास्त २ टेस्ला प्रति मीटर.

माझ्यासाठीच लिहून ठेवते. पहिली ग्रेडियंट पल्स प्रत्येक केंद्रकावर त्याच्या उंचीप्रमाणे खूण करते. मग थांबायचं. या थांबण्याला आम्ही डेल्टा म्हणतो. दुसरी पल्स ती खूण पुसते, पण रेणू जिथे होता तिथेच असेल तरच नीट पुसली जाते. हलला असेल तर थोडी खूण उरते. अशा सगळ्या उरलेल्या खुणा एकमेकींना खातात आणि इको, म्हणजे पाण्याकडून परत येणारा सिग्नल, लहान येतो. किती लहान आला, त्यावरून चाल कळते. इकोचा शोध हान यांचा, १९५०चा. ग्रेडियंट पल्सची ही पद्धत स्टेय्‌स्कल आणि टॅनर यांची, १९६५ची. साठ वर्षं झाली, पद्धत बसलेली आहे. बसायचं राहिलंय ते आमचं.

एकक सगळीकडे एकच ठेवणार : चौरस मायक्रोमीटर प्रति मिलिसेकंद. शुद्ध पाण्याचा विसरण गुणांक (रेणू आपोआप भटकत किती भरभर पसरतात त्याचं माप) २५ अंशांना २.३०, ३० अंशांना २.५९, ३५ अंशांना २.९१.

पानाच्या शेवटी मी उत्साहात लिहिलं होतं : "माठ पाझरतो तो या विसरणानेच." सरांनी शेजारी लाल प्रश्नचिन्ह काढलंय. बोलले काहीच नाहीत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

दहा ते तीन वीज नाही. गुरुवार आहे हे पुण्यात जन्म घालवूनही विसरले. चुंबक गार पडलं. या जातीच्या चुंबकाचं क्षेत्र अंशामागे ०.१ टक्क्याच्या आसपास सरकतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण आमच्याकडे ते अंशाला २० किलोहर्ट्‌झ होतात. वीज आल्यावर सिग्नल शोधत बसले, सापडेना. पूर्ववत व्हायला रात्र जाणार.

नियम १ : गुरुवारी मोजमाप नाही. चाळण्या, वजनं, लिखाण, चहा.

१७ फेब्रुवारी, सोमवार

नुसतं पाणी. मणी नाहीत, माती नाही, भिंती नाहीत. यायला हवं २.९१, डेल्टा काहीही असो. आलं ते असं : डेल्टा २० मिलिसेकंदांना ३.०३, १००ला ३.२६, ५००ला ४.४२.

पाणी जितका वेळ द्यावा तितकं जास्त हुशार होत चाललंय. आधी वाटलं, फिट चुकलं. तासभर प्रोग्रॅम तपासला. मग सरांनी आकडे पाहिले आणि म्हणाले, "वाढ बघ. डेल्टा पाचपट, वाढपण जवळजवळ पाचपट. हे विसरण नाही, पाणी फिरतंय."

खरंच की. नळी थेट २४ अंशांच्या खोलीतून ३५ अंशांच्या चुंबकात सोडलेली, वरचं टोक बाहेर गार. खालचं गरम पाणी वर, वरचं गार खाली. हिशेब केला तर वेग येतो सेकंदाला ७६ मायक्रोमीटर, केसाच्या जाडीएवढा. डोळ्याला पाणी ढिम्म उभं. यंत्राला मात्र सगळं दिसतं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

वर्कशॉपमधल्या काकांकडे गेले. "काय गं, आज काय फुटलं?" काही फुटलं नव्हतं याचं त्यांना वाईटच वाटलं असावं. टेफ्लॉनचा दट्ट्या हवा होता, नळीत घट्ट बसणारा पण आत हवा न कोंडणारा. काकांनी लेथवर वीस मिनिटांत करून दिला, कडेला हवा निघायला केसाएवढी खाचही पाडली. ही खाच माझ्या चित्रात नव्हती.

आता पाण्याचा स्तंभ फक्त ८ मिमी, वर दट्ट्या, आणि नळी घातल्यावर चाळीस मिनिटं हात लावायचा नाही. रीडिंग : २.९६, २.९७, २.९८. डेल्टा बदलला तरी हलत नाही. पण २.९७ का? २.९१ का नाही?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन संशयित. एक, तापमान. ३५च्या आसपास एका अंशाला गुणांक साधारण ०.०६ने वाढतो, म्हणजे आत ३६ असेल तर चूक पूर्ण समजली. दोन, ग्रेडियंट. गुणांक ग्रेडियंटच्या वर्गावर अवलंबून, म्हणजे ग्रेडियंट कागदापेक्षा १ टक्का जास्त असेल तर गुणांक २ टक्के फुगतो. दोन्ही अगदी सारखीच चूक देतात, नुसत्या पाण्यावरून ओळखता येत नाहीत.

म्हणून आज नळीतच बारीक थर्मोकपल सोडलं. ३५.१. तापमान निर्दोष. ग्रेडियंट २ नसून २.०२ आहे, आणि हा आकडा मी टेपने यंत्राच्या कपाळावर चिकटवला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

चाळणीचा दिवस. मणी भोसरीतून आणले, सँडब्लास्टिंगचे. पाव किलो मागितले तर दुकानदाराने पोत्याकडे बोट दाखवलं, "ताई, पंचवीस किलोचं येतं." शेवटी फाटक्या पोत्यातले ओंजळभर फुकट दिले.

१२५ मायक्रोमीटरच्या चाळणीतून गेले आणि १०६च्या चाळणीवर राहिले तेवढेच घेतले. भिंगाखाली बहुतेक गोल, काही जुळी, एखादा फुटका. पिशवीवरून चुंबक फिरवलं तर काळी लव चिकटून आली, कुठलासा लोखंडी कीस. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात धुतले, मग ऊर्ध्वपातित पाण्याने सहा वेळा. सहाव्यांदा कंटाळून, पाचव्यांदा पुरलं असतं.

५ मार्च, बुधवार

सोमवारी केलेलं सगळं वाया : मण्यांमध्ये हवेचे बुडबुडे. हवा राहिली की तिथे भिंत ओली नसते आणि वर चुंबकीय क्षेत्रही वेडंवाकडं होतं. आज उकळून गार केलेलं पाणी, मणी त्यात हळूहळू सोडले, निर्वात भांड्यात ठेवून बोटाने टिचक्या मारत बसले. शेवटचा बुडबुडा तळातून सुटून वर आला तेव्हा ज्युनिअरने टाळी वाजवली.

वजनावरून सच्छिद्रता, म्हणजे एकूण आकारमानात मोकळ्या जागेचा वाटा, ०.३८. ओतलेल्या गोल मण्यांची साधारण एवढीच असते.

आता आकडे. गुणांकाचं नुसत्या पाण्याशी गुणोत्तर : १० मिलिसेकंदांना ०.८८, २०ला ०.८४, ५०ला ०.७७, १००ला ०.७३, २००ला ०.७०, ५००ला ०.६८, एका सेकंदाला ०.६६.

हा घसरता आलेख पाहून जेवायला जायचं राहिलं. ज्युनिअरने विचारलं, "ताई, पाणी थकतं का?" तिला तुळशीबागेचा दाखला दिला. हजार माणसं मध्येच सोडली आणि अर्ध्या मिनिटाने पाहिलं, तर दुकानांच्या कडेला होती तेवढीच अडली असतील, बाकीच्यांना बाग मोकळं मैदान वाटते. तासाभराने पाहिलं तर प्रत्येकजण कुठल्या ना कुठल्या बोळातून वळसे घेऊन गेलेला. पहिल्या वेळी कळतं की दुकानं किती आहेत. दुसऱ्या वेळी कळतं की बोळ किती वाकडे आहेत.

गणितात हेच. थोड्या वेळात गुणांक डेल्टाच्या वर्गमुळाप्रमाणे घटतो आणि उतारावरून भिंतीचं क्षेत्रफळ भागिले छिद्राचं आकारमान मिळतं. पार्थ मित्रा, पबित्र सेन आणि सहकाऱ्यांनी १९९२मध्ये हे मांडलं. माझ्या सुरुवातीच्या उतारावरून येतं प्रति मिलिमीटर ८३. त्यावरून मण्याचा व्यास काढला : ११८ मायक्रोमीटर. चाळणी म्हणते १०६ ते १२५. मणी न पाहता, फक्त त्यांच्यामधल्या पाण्याला विचारून! वहीत उद्गारचिन्ह काढायची परवानगी आहे असं धरून चालते.

आणि शेवटचा ०.६६ अजून किंचित खाली जाईल. गोल मण्यांसाठी सच्छिद्रतेचं वर्गमूळ हा अंदाज चालतो, ०.३८चं वर्गमूळ ०.६२. एका सेकंदात रेणू मोकळ्या पाण्यात ७६ मायक्रोमीटर जातो, एका मण्याएवढाही नाही. तेव्हा पूर्ण वळसे अजून कळलेले नसणार.

१७ मार्च, सोमवार

दगड. धुळवडीचा रंग नखांत तसाच आहे.

शनिवारवाड्याचा खालचा भाग ज्या काळ्या दगडाचा, तोच बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. मी आणला रस्त्याच्या कामावरच्या ढिगातून, बारीक भोकांचा तुकडा. दोन दिवस निर्वातात पाणी पाजलं, नळीत घातला, पल्स मारली.

काही नाही. सरळ रेघ. पल्स लांब केली, लहान केली, हजार वेळा बेरीज केली. रेघ.

सर आले, तुकडा उचलला, खिशातून दोऱ्याला बांधलेलं छोटं चुंबक काढलं (खिशात तयार होतं!) आणि दगडाजवळ धरलं. दोरा तिरका झाला. मग खलात कुटलेली भुकटी कागदावर पसरून कागदाखालून चुंबक फिरवलं, तर काळे कण मिशांसारखे उभे राहिले. मॅग्नेटाइट. प्रत्येक कण म्हणजे शेजारच्या पाण्यासाठी स्वतंत्र चुंबक. माझे २ टेस्ला प्रति मीटर त्याच्यासमोर काहीच नाहीत. पाण्याचा सिग्नल मी ऐकायच्या आतच विस्कटून जातो.

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर आणला असतास का?"

दगड आता खिडकीत, कागद उडू नयेत म्हणून.

२४ मार्च, सोमवार

फिल्टरची कँडल, बोहरी आळीतून. दुकानदाराने "कुठल्या फिल्टरची?" असं चारदा विचारलं. करवतीने कापली, खडूसारखी कापली जाते. लोह नगण्य, सिग्नल सुमारे ३० मिलिसेकंद टिकतो. सच्छिद्रता ०.५८.

गुणोत्तर ०.५०. १० मिलिसेकंदांना तेवढंच, १००लाही तेवढंच. इथे घसरण दिसणारच नाही : १० मिलिसेकंदांत मोकळं पाणी ७.६ मायक्रोमीटर जातं, आणि छिद्रं त्याहून बरीच बारीक. मी बघायला सुरुवात करते तोवर पाण्याने बोळ हिंडून झालेले असतात. कँडलवर जास्त लिहिण्यासारखं नाही. शहाणं सॅम्पल.

२ एप्रिल, बुधवार

कुंभारवेशीत गेले. "दादा, फुटका माठ आहे का? विकत घेते." त्यांनी मला खालून वर पाहिलं. "फुटका कशाला विकत? तो न्या तसाच. चांगला हवा तर घ्या." मग फुटक्याबरोबर तीन लिटरचा एक चांगलाही घ्यावा लागला. त्यांनी प्रत्येक माठ बोटाच्या पेराने वाजवून दाखवला : खणखणला तर भाजणी पक्की, बद्द वाजला तर तडा किंवा कच्चा. भाजणी फार झाली तर माठ पाणी गार करत नाही, हे त्यांनीच सांगितलं. आमच्या भाषेत, छिद्रं बंद होतात.

खापराची जाडी ६ मिमी. कोरडं आणि ओलं वजन करून सच्छिद्रता ०.२९.

४ एप्रिल, शुक्रवार

माठाच्या मातीचा लाल रंग म्हणजे लोहाचं ऑक्साइड. बेसाल्टएवढं वाईट नाही, पण सिग्नल जेमतेम ३ मिलिसेकंद टिकतो. साधा इको अशक्य. म्हणून तीन पल्सचा स्टिम्युलेटेड इको : मधल्या थांब्यात चुंबकन (केंद्रकांचं एकत्रित चुंबकत्व, सिग्नल त्याचाच) क्षेत्राच्या दिशेने साठवून ठेवायचं, तिथे ते जास्त तग धरतं, खापरात सुमारे ३० मिलिसेकंद.

गुणांक आला ०.६१. खूश होऊन वहीत चौकट काढणार होते. पण नियम म्हणून डेल्टा तसाच ठेवून पहिल्या दोन पल्समधलं अंतर जरा वाढवलं. ०.५२. आणखी वाढवलं, ०.४५.

खापर तेच, पाणी तेच, वेळ तोच. मग हे आकडे खापराचे नाहीतच. मातीतल्या लोहाच्या कणांचे स्वतःचे छोटे ग्रेडियंट आहेत, ते माझ्या ग्रेडियंटमध्ये मिसळतात आणि चाल कमी दाखवतात. चौकट काढली नाही.

९ एप्रिल, बुधवार

इलाज जुना आहे. कॉट्स आणि सहकाऱ्यांची १९८९ची तेरा टप्प्यांची पल्समालिका : प्रत्येक ग्रेडियंट पल्स दोन तुकड्यांत, एक सरळ, एक उलटी, मध्ये १८० अंशांची पल्स. माझा ग्रेडियंट बेरजेत राहतो, मातीचा वजा होऊन जातो. किंमत अशी की पल्स वाढल्या, वेळ वाढला, आणि ३ मिलिसेकंद टिकणाऱ्या सिग्नलला तेवढा वेळ परवडत नाही. उरलेला सिग्नल इतका लहान की एका रीडिंगला सव्वा तास बेरीज. रात्रभर लावून ठेवलं.

सकाळी : ०.८९, ०.९०, ०.९१. पल्समधलं अंतर बदललं तरी हलत नाही. नुसत्या पाण्याशी गुणोत्तर ०.३१.

आता चौकट.

१० एप्रिल, गुरुवार

वीज आहे! गुरुवार असून! विश्वास नसल्यामुळे काही लावलंच नाही.

त्याऐवजी पान १चा लाल प्रश्न. माठात पाणी २५ अंशांचं धरलं तर खापरात गुणांक ०.७१. ६ मिमीची भिंत नुसतं भटकत ओलांडायला रेणूला लागणार सात तास. आणि माठ तर भरल्यावर तासाभरात बाहेरून ओला होतो. म्हणजे माझं वाक्य चूक, पहिलं पाणी केशाकर्षणाने ओढलं जातं. इथवर सोपं होतं.

१२ एप्रिल, शनिवार

पण ओला झाल्यानंतर? मग तर पाणी रोज बाहेर येतच असतं. चांगला माठ आधी दोन दिवस मुरवला, मग व्हरांड्यात, सावलीत, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. सकाळी १० वाजता ४४१२ ग्रॅम, दुपारी ४ वाजता ४२३०. सहा तासांत १८२ ग्रॅम, ताशी ३०. (वाफ व्हायला ग्रॅमला सुमारे २४०० जूल, म्हणजे माठ सतत २० वॉटने उष्णता बाहेर टाकतोय. बिलाशिवाय.)

माठाचं बाहेरचं क्षेत्रफळ ०.१ चौरस मीटर, सच्छिद्रता ०.२९. भिंतीतल्या पाण्याचा पुढे सरकण्याचा वेग काढला : सेकंदाला ०.२९ मायक्रोमीटर. ६ मिमी ओलांडायला पावणेसहा तास.

तीनदा हिशेब केला. वाहत गेलं तर पावणेसहा, भटकत गेलं तर सात. मला वाटलं होतं वाहणं कितीतरी पटींनी पुढे असेल. दोघं जवळजवळ बरोबरीने चालतात.

१६ एप्रिल, बुधवार

सरांना दाखवलं. त्यांनी एकच विचारलं, "मग तुझ्या यंत्राला पाझर का दिसला नाही?"

१० मिलिसेकंदांत रेणू खापरात ४.२ मायक्रोमीटर भटकतो. तेवढ्याच वेळात वाहण्यामुळे सरकेल ३ नॅनोमीटरसुद्धा नाही. दीड हजारात एक. शिवाय नळीतल्या खापरातून काही वाहतच नव्हतं, दट्ट्या लावलेला. भटकणं वेळेच्या वर्गमुळाने वाढतं, वाहणं वेळेच्या सरळ प्रमाणात, म्हणून यंत्राच्या मिलिसेकंदांत एक अदृश्य आणि माठाच्या दुपारभरात दोघं शेजारी.

सर जरा वेळ गप्प. मग, "प्रश्नचिन्ह खोडू का?"

"वाक्य चूकच आहे पण."

"पूर्ण नाही."

२९ एप्रिल, मंगळवार

उद्या अक्षय तृतीया. कुंभारवेशीत आज माठांचे ढीग लागलेत, येताना पाहिले. आमचा व्हरांड्यातला माठ काकांनी ताब्यात घेतलाय, वर झाकण आणि ओगराळं आलंय. काट्यावरून उतरवायची परवानगी मात्र मी अजून दिलेली नाही.

फाइली दोन ठिकाणी ठेवल्या. ज्युनिअरला दिलं : दट्ट्या, २.०२चा आकडा, गुरुवारचा नियम, खिडकीतला दगड. पान १वर त्या वाक्याच्या आणि लाल प्रश्नचिन्हाच्या मध्ये जागा होती, तिथे पेन्सिलीने लिहिलं : "१२ आणि १६ एप्रिल पाहा."